कासची सहल कॅलेंडरवर नव्हे, पावसावर ठरवा

हॉलंडचे ट्युलिप पाहण्यास जाणाऱ्या पर्यटकाची एक मोठी सोय असते. लिसे गावातील 'क्युकेनहॉफ' हे उद्यान मार्चच्या उत्तरार्धात उघडते आणि मेच्या मध्याच्या सुमारास बंद होते. या तारखा कित्येक महिने आधी जाहीर झालेल्या असतात. तेथील माळी दर वर्षी थंडीपूर्वी सुमारे 70 लाख कंद हाताने लावतात. लवकर, मध्यंतरी आणि उशिरा फुलणारे कंद एकाच वाफ्यात थराथराने लावले जात असल्याने सुमारे आठ आठवडे बहर टिकवता येतो. 'सिलसिला' (1981) चित्रपटातून मराठी प्रेक्षकांच्याही मनात घर केलेले हे ताटवे निसर्गाचे जितके, तितकेच नियोजनाचे देणे आहेत. अडचण असलीच तर आपल्या बाजूची. महाराष्ट्रातील शाळांना उन्हाळी सुट्टी लागून कुटुंब मोकळे होईपर्यंत ट्युलिपचा भर ओसरू लागलेला असतो आणि शेतांतील फुले तर कंद पोसावेत म्हणून शेतकऱ्यांनी खुडूनही टाकलेली असतात.

साताऱ्याच्या कास पठारावर असा माळी नाही. तेथे कोणी काही लावत नाही, कोणी पाणी घालत नाही आणि म्हणूनच बहराची तारीखही कोणी सांगू शकत नाही. ही गोष्ट ध्यानात न घेता दीड महिना आधी हॉटेल, गाडी आणि रविवार असे तिन्ही पक्के करून निघालेली कुटुंबे धुके, चिखल आणि वाहनांची रांग पाहून परततात.

साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण 1,200 मीटर उंचीवर हे पठार आहे. त्याचा तळ जांभ्या खडकाचा. त्यावर मातीचा थर इतका पातळ, की मोठे झाड तेथे मूळ धरू शकत नाही. पावसाळ्यात हा थर पाण्याने भिजून राहतो आणि पाऊस थांबताच झपाट्याने सुकतो. उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे या अल्पावधीत उरकावे लागते. त्यामुळे शेकडो जातींची झाडे एकापाठोपाठ घाईने फुलतात. मातीत नत्राचा तुटवडा असल्याने काही वनस्पतींनी पोटाची वेगळीच सोय लावली आहे. 'दवबिंदू' आपल्या चिकट केसांवर कीटक पकडते, तर 'सीतेची आसवे' हे नाजूक निळे-जांभळे फूल ज्या झाडाला येते, ते जमिनीलगतच्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातील जीव ओढून घेते. इतक्या सुंदर नावाची वनस्पती मांसाहारी निघावी, याची मुलांना भारी गंमत वाटते.

रंगांचा क्रम ढोबळ मानाने ठरलेला आहे. पावसाच्या ऐन भरात चवरासारखी पांढरी फुले, पुढे गेंदाचे पांढरे गोंडे, सोनकी आणि कवल्याचा पिवळा रंग, तेरड्याचा गुलाबी-जांभळा गालिचा. कवल्याला हल्ली सारे 'मिकी माउस' म्हणूनच ओळखतात. टोपली कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिक बहरते. हंगाम सर्वसाधारणपणे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंतचा. तथापि भर नेमका केव्हा, हे ऊन आणि पाऊस यांच्या पाठशिवणीवर अवलंबून असते. संततधार लागली तर कळ्या उमलत नाहीत आणि परागीभवन करणारे कीटकही बाहेर पडत नाहीत. पाऊस लवकर सरला तर माती सुकून बहर आटोपतो. चार-सहा दिवस उघडीप आणि अधूनमधून सर, हा योग जुळला की पठार रंगते.

येथेच मराठवाड्यातील प्रवाशाची गफलत होते. बीडजवळच्या पाली येथील बिंदुसरा प्रकल्प भरून सांडव्यावरून पाणी कोसळू लागले, की ते पाहण्यास बीडकरांची रीघ लागते आणि पावसाळा खऱ्या अर्थाने साजरा होतो. साहजिकच सप्टेंबरातील जोरदार पाऊस ही सहलीची शुभवार्ता वाटते. कासचे गणित नेमके उलटे आहे. पर्जन्यछायेतील बीडला सप्टेंबरात ज्या पावसाची आस असते, तोच पाऊस घाटमाथ्यावर मुक्काम ठोकून राहिला तर फुलांचा दिवस वाया जातो. तेव्हा पालीचा सांडवा पाहून कासचा बेत आखू नये. हवामान खात्याचा सातारा जिल्ह्याच्या घाटमाथ्याविषयीचा चार-पाच दिवसांचा अंदाज पाहावा आणि राहण्याची जागा रद्द करता येईल अशाच अटीवर घ्यावी.

दुसरा प्रश्न वाराचा. अलीकडच्या हंगामांत पठारावर दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा असून ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेश शुल्क आहे. शनिवार-रविवारच्या जागा आधी भरतात. मराठवाड्यातील वाचकांना एक तारीख मात्र सोयीची आहे. 17 सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळच्या ध्वजवंदनानंतर येथील शाळांचा दिवस मोकळा असतो, पुण्या-मुंबईची मंडळी मात्र तो वार आठवड्यातला असल्यास कामावर असतात. त्या दुपारी निघून रात्री साताऱ्यात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवसाची रजा काढली, तर गर्दी बरीच टळते. पालीहून पुणेमार्गे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते. जामखेड, करमाळा, बारामती, फलटण हा मार्ग पुण्याची कोंडी वाचवतो. एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास करू नये. पठारावर सकाळी पोहोचावे आणि धुके विरेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी.

तीन हजारांची मर्यादा अन्यायकारक असल्याची कुरकूर ऐकू येते. वस्तुस्थिती पाहता ती उदारच म्हणावी लागेल. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत कोयना, चांदोली आणि राधानगरीबरोबर कासचाही समावेश झाला आणि पर्यटकांचा लोंढा वाढला. छायाचित्रासाठी ताटव्यात बसलेले एक कुटुंब दहा मिनिटांत जितकी रोपे चिरडते, त्यांचे बी त्या वर्षी मातीत पडत नाही. यातील अनेक वनस्पती एकाच हंगामाच्या सोबती. बीच पडले नाही तर पुढील वर्षी त्या जागी काय उगवणार? रक्षणासाठी पठाराला लोखंडी कुंपण घातले गेले. तथापि गुरांचे चरणे आणि वन्यजीवांचा वावर थांबल्याने गवत माजून फुले घटतात, असा आक्षेप पुढे आला आणि तो वाद बराच गाजला. परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचे स्वयंसेवक वाट सोडून आत शिरणाऱ्याला हटकतात, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालण्याचे कारण नाही.

प्लॅस्टिकच्या पिशव्या गाडीतच ठेवाव्यात. पायांत चिखलात न घसरणारे बूट, सोबत रेनकोट असावा. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. पठारावर फुले कमी दिसलीच, तर पुढे कास तलाव आहे. सातारा शहराला पाणी पुरवणारा हा तलाव गर्द झाडीच्या कुशीत असून तेथे जाण्यासाठी बहराची वाट पाहावी लागत नाही.