तळ्यावर गळ केव्हा टाकावा?

मासे म्हटले की उरणकरांना करंजा आणि मोरा ही बंदरे आठवतात. पण गोड्या पाण्यातील मासे पाहायचे, तर पूर्वेला डोंगराकडे वळले पाहिजे. तेथे रानसई धरणाचा जलाशय आहे. गळ घेऊन तेथे जायचे ठरविले, तर दिवस कोणता निवडाल?

पहिल्या पावसाचा? तेव्हा मासे सहज सापडतात, हे खरे. ओढे भरून वाहू लागले, पाणी गार झाले, की अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्याकडे, भातखाचरांकडे चढू लागतात. हीच आपली 'वलगण'. पण या वेळी एक मादी पकडली, की तिच्या पोटातील हजारो अंडीही संपली!

मग मे महिना? २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना साडेसातच. म्हणून दुपारी काठचे उथळ पाणी तापले, की बरेच मासे तेथून दूर, सावलीत किंवा खोल जातात. हवेतूनही श्वास घेणारी मरळ मात्र तग धरते.

तेव्हा दिवाळीनंतरची सकाळ उत्तम. बहुतेक माशांची अंडी घालून झालेली असतात, पाणीही निवळलेले असते. रानसईचे पाणी उरणला पिण्यासाठी येते. म्हणून आधी परवानगी घ्या, मोठ्यांना बरोबर न्या आणि पाण्यात कचरा टाकू नका. गळाला पिल्लू लागले, तर हात ओला करून हलकेच सोडून द्या. मोठे झाल्यावर तेही वलगणीला चढेल.