टाय, नामपट्टी आणि फिल्टर कॉफी

आजचा विषय जरा वेगळा आहे, धर्माशी लागून आहे. पण धर्मांतर बरं की वाईट, या वादात मी शिरणार नाही. मला बोलायचंय ते एका मुलाच्या दिवसाबद्दल.

मागच्या मे महिन्यात, चेन्नईच्या त्या उकाड्यात, आमच्या जिन्यात दोन पोरं दम खात उभी दिसली. पांढरा शर्ट, गळ्यात टाय, खिशावर काळी नामपट्टी. तिच्यावर ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा! वय विचारलं, तर एकोणीस. मी त्यांना आत बोलावलं. सौ.ने फिल्टर कॉफी आणली, तर दोघांनी हात जोडले. चहा-कॉफी, दारू, तंबाखू, सगळं वर्ज्य. चेन्नईत दारोदार फिरायचं आणि कॉफीला नाही म्हणायचं, ही खरी तपश्चर्या! शेवटी ताक दिलं.

हे मॉर्मन पंथाचे प्रचारक. मुख्यालय अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीला. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली दीड वर्षासाठी. 2012 पासून मुलग्यांना अठराव्या वर्षी जाता येतं; मुलींना 2025 पर्यंत एकोणिसाव्या वर्षी जाता यायचं. पगार नाही, खर्चाचा भार जमेल तसा स्वतः किंवा घरच्यांनी उचलायचा. कुठे जायचं ते वरून ठरतं. आमच्या पोस्टिंगसारखंच म्हणा. त्यातला एक आंध्रातल्या खेड्यातला होता. तमिळ त्याला माझ्याइतकंच येत होतं, म्हणजे भाजीवाल्यापुरतं. देश आपलाच, पण त्याच्यासाठी हे परक्याचं गाव.

दिवसाचा जुना साचा असा: साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, मग वाचन, जोडीदाराबरोबर पाठ, भाषेचा अभ्यास. नंतर बाहेर. रात्री साडेदहाला दिवा बंद. 2017 पासून वेळांत थोडी सूट मिळाली. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणं, बाजार, घरी पत्र. सेंट थॉमस माउंटच्या अकादमीत आमचंही वेळापत्रक असंच आखलेलं असायचं, तेव्हा यात मला नवल वाटलं नाही.

हे काम आपल्याकडे नवीन नाही बरं का. 1852 मध्ये ह्यू फिंडले पुण्यात पोचला, 1853 मध्ये रिचर्ड बॅलंटाइन मद्रासला. दोघेही मूळचे स्कॉटलंडचे. फिंडलेला पुण्याच्या लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत राहू दिलं नाही, त्याला गावात बिऱ्हाड करावं लागलं. बॅलंटाइनने इथून मासिक काढून पाहिलं आणि वर्षभरात तो परतला. पण ते दोघे पोक्त पुरुष होते. इथे मिसरूड फुटलेली पोरं.

मला खटकलं ते जोडीचं. सतत दोघांनी एकत्र राहायचं, नजरेच्या टप्प्यात. फौजेतही ‘बडी’ असतो, आणि त्याने जीव वाचतात हे मी पाहिलंय. एकट्या पोराला वाईट विचार गाठतात, म्हणून नियम शहाणा आहे. पण रंगरुटाला निदान रात्रीच्या पहाऱ्यावर एकट्याने रडता येतं. मी आंध्रच्या पोराला विचारलं, “घरची आठवण येते का रे?” त्याने आधी जोडीदाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “नाही अंकल, मजेत आहे.”

माझ्या कंपनीत एक जवान असाच नेहमी ‘मजेत’ असायचा. त्याची आई वारल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून. तेव्हापासून या शब्दावर माझा विश्वास नाही.

फेब्रुवारी 2019 पर्यंत या मुलांना घरी फोन साधारण वर्षातून दोनदाच करता यायचा. नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला करता येतो. ही सुधारणा मला कॉफीच्या बंदीपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

जोडीदार जिन्यात चपला घालत होता, तेवढ्यात पोरगं मागे वळलं आणि सौ.ला हळूच म्हणालं, “आंटी, माझी आईपण ताकात कढीपत्ता घालते.”

पुढच्या महिन्यात जोडी बदलली. नवा जोडीदार मणिपूरचा. आंध्रचं पोर मात्र तेच होतं. सौ.ने दार उघडायच्या आधीच ताक घुसळायला घेतलं.