मोनफोर्तिनो : वर्षानुवर्षे मुरणारी वाइन

इटलीच्या पिएमोन्ते प्रांतातील द्राक्ष उत्पादकांसाठी २००२ हे वर्ष अत्यंत प्रतिकूल ठरले. उन्हाळाभर पाऊस पडत राहिला आणि ‘बारोलो’ या ख्यातनाम लाल वाइनच्या परिसरात अनेक ठिकाणी गारपीट झाली. बऱ्याच उत्पादकांनी त्या वर्षी आपली उत्तम वाइन बाजारात आणलीच नाही. कोन्तेर्नो कुटुंबाने मात्र नेहमीची बारोलो रद्द करून ‘मोनफोर्तिनो’ ही आपली सर्वांत मानाची वाइन तेवढी राखली. या निर्णयातील धाडस समजण्यासाठी तिची घडण पाहावी लागते.

आल्बा शहरालगतच्या अकरा गावांच्या हद्दीत बारोलो तयार होते. तिच्यासाठी केवळ नेब्बिओलो या एकाच जातीची द्राक्षे वापरण्याची मुभा आहे. ही द्राक्षे उशिरा, साधारणपणे ऑक्टोबरमध्ये पिकतात. त्यांत आम्लता भरपूर असते आणि टॅनिनही. फार उकळलेल्या चहाला जो तुरटपणा येतो, तो याच वर्गातील घटकांमुळे. त्यामुळे कोवळी बारोलो जिभेला आवळून धरते. काळ लोटतो तसे टॅनिनचे कण एकमेकांशी जोडले जाऊन त्यांचा काही भाग तळाशी बसतो आणि तुरटपणा निवळतो. माणकासारखा रंग विटकरी होतो. चांगल्या वर्षाची मोनफोर्तिनो कित्येक दशके टिकते, ती या दोन घटकांच्या बळावर.

जाकोमो कोन्तेर्नो यांनी १९२० च्या दशकात ही वाइन प्रथम तयार केली. मोनफोर्ते या गावावरून तिला नाव मिळाले. आरंभीची अनेक दशके द्राक्षे परिसरातील शेतकऱ्यांकडून विकत घेतली जात. पुढे हे शेतकरी स्वतःच वाइन तयार करून विकू लागले आणि उत्तम माल मिळेनासा होण्याची भीती निर्माण झाली. म्हणून जाकोमो यांचे पुत्र जोव्हान्नी यांनी १९७४ मध्ये सेर्रालुंगा गावातील ‘काशिना फ्रान्चिया’ हा सुमारे १४ हेक्टरचा मळा खरेदी केला. येथील चुनखडीयुक्त जमिनीतून कणखर, दीर्घायुषी वाइन मिळते. १९७८ च्या हंगामापासून मोनफोर्तिनो या मळ्यातून येऊ लागली. द्राक्षांची चिंता मिटली. परंतु अनेक गावांची द्राक्षे एकत्र करून एका ठिकाणची उणीव दुसरीकडून भरून काढण्याची सोयही संपली.

१९८० च्या दशकात बारोलोत नवे वारे वाहू लागले. आंबवण्याचा काळ घटवून, २२५ लिटरच्या नव्या फ्रेंच ओक पिंपांत वाइन मुरवून ती लवकर पिण्याजोगी करण्याकडे तरुण उत्पादकांचा कल वाढला. परदेशी बाजारपेठेने या शैलीचे स्वागत केले. जोव्हान्नी यांनी मात्र जुनी रीत सोडली नाही. द्राक्षांच्या साली कित्येक आठवडे रसात ठेवणे आणि नंतर हजारो लिटरच्या जुन्या, मोठ्या पिंपांत वाइन मुरवणे, हाच त्यांचा क्रम राहिला. मोठ्या पिंपातून लाकडाचा गंध फारसा उतरत नाही. हवा मात्र अत्यंत मंद गतीने मिळत राहते. ‘रिझेर्व्हा’ दर्जाच्या बारोलोसाठी कायद्याने ६२ महिने मुरवणे बंधनकारक आहे. मोनफोर्तिनो त्याहूनही अधिक काळ थांबते.

एवढी वर्षे भांडवल अडकवूनही ती दरवर्षी निघत नाही. २०१० नंतरची मोनफोर्तिनो थेट २०१३ ची आहे. वर्षाचा लौकिक नव्हे, तर पिंपातील वाइनची प्रत्यक्ष चव निर्णायक मानली जाते.

२००२ मध्येही हाच निकष लावला गेला. जोव्हान्नी २००४ मध्ये निवर्तले. धुरा त्यांचे पुत्र रोबेर्तो यांच्याकडे आली. दीर्घ प्रतीक्षेनंतर ती वाइन बाजारात आली, तेव्हा वाईट मानल्या गेलेल्या वर्षाची असूनही जाणकारांनी तिची वाखाणणी केली. संपूर्ण प्रदेशासाठी वाईट ठरलेले वर्ष एखाद्या मळ्यासाठीही तसेच ठरेल, असे नाही. मात्र त्याची खात्री पटण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागते.