शिखरांवर फुलझाडं वाढतायत, मग काळजी कसली?

हवामानबदलामुळे वनस्पतींच्या जाती कमी होतात, असं आपण नेहमी ऐकतो. पण युरोपातल्या अनेक डोंगरमाथ्यांवर सध्या जाती चक्क वाढतायत!

स्वित्झर्लंडमधल्या पिझ लिनार्डचं उदाहरण घ्या. उंची ३४१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त. १८३५ साली ओस्वाल्ड हेअर हे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथं चढले, तेव्हा माथ्यावर त्यांना फुलझाडाची एकच जात सापडली. २०११ साली तिथंच १६ जाती मोजल्या गेल्या.

हे एकाच शिखराचं झालं. २०१८ साली 'नेचर'मध्ये ३०२ युरोपीय शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदींची तुलना छापून आली. १९५७ ते १९६६ या दशकात एका शिखरावर सरासरी १.१ जातींची भर पडली होती. २००७ ते २०१६ मध्ये ५.४ जातींची. हा वेग तापमानवाढीच्या वेगाशी जुळतो.

कारण सोपं आहे. दर १०० मीटर चढलं की तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं. खालचा उतार तापला की तिथल्या वनस्पतींना वरची जागा मानवू लागते. बिया वाऱ्यावर किंवा प्राण्यांबरोबर वर जातात आणि आता तिथं रुजतातही.

मग बिघडलं कुठं? नव्याने येणाऱ्या जाती खाली आधीपासून होत्याच. माथ्यावरच्या मूळ जाती मात्र बुटक्या, हळू वाढणाऱ्या. उंच गवतं आली की त्यांचा उजेड आणि जागा जाते, आणि त्यांना आणखी वर सरकायला डोंगरच उरत नाही. त्या बहुवर्षायू असल्याने लगेच मरत नाहीत. नवी रोपं धरत नसली तरी जुनी झाडं कित्येक वर्षं तग धरतात. म्हणून मोजणीत आकडा फुगलेला दिसतो. याला 'विलुप्तीचं कर्ज' म्हणतात: कर्ज आज झालंय, फेड पुढे व्हायचीय.

भूमध्य सागराकडच्या डोंगरांवर तर ही तात्पुरती वाढही दिसली नाही. युरोपभरच्या ६६ शिखरांवर २००१ आणि २००८ साली मोजणी झाली. उत्तर आणि मध्य युरोपात जाती वाढल्या. दक्षिणेत त्या तेवढ्याच राहिल्या किंवा घटल्या. तिथं उष्णतेच्या जोडीला पाण्याची टंचाई आहे, आणि जगात दुसरीकडे कुठंच न सापडणाऱ्या कितीतरी जाती त्याच डोंगरांवर आहेत.

त्यामुळे 'जैवविविधता वाढली' अशी बातमी वाचली, तर किती जाती वाढल्या यापेक्षा कोणत्या आल्या आणि कोणत्या चालल्यात, हे आधी बघा.