काळ्या जमिनीचे पांघरूण

शेतात मुख्य पीक नसताना, किंवा त्याच्या ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात, जमीन झाकली जावी आणि तिचा कस वाढावा एवढ्यासाठीच जे पीक पेरले जाते, त्याला आच्छादन पीक म्हणतात. तेच पीक फुलोऱ्यावर येताना कोवळे असतानाच मातीत गाडले, तर त्याला हिरवळीचे खत हे जुने नाव आहे. ताग, धैंचा, चवळी, मूग आणि उडीद ही त्यांपैकी मराठवाड्याच्या ओळखीची पिके. जालना जिल्ह्यात त्यांचा विचार सुरू होतो तो ओलीच्या हिशेबापासून.

बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली येथील काळी जमीन ओलीने फुगते आणि वाळली की भेगाळते. वर्षाकाठी साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. वळवाची किंवा मृगाची जोरदार सर उघड्या रानावर कोसळली, की थेंबांच्या माऱ्याने मातीचे कण फुटतात, बारीक कण छिद्रांत बसून वरचा थर लिंपल्यासारखा होतो आणि मुरायचे पाणी सर्वांत सुपीक माती बरोबर घेऊन ओढ्याला मिळते. त्यात उन्हाळ्याची भर पडते. कुजलेल्या पालापाचोळ्यातून आणि मुळांतून मातीत साठणारा कार्बन, ज्याला सेंद्रिय कर्ब म्हणतात, तापलेल्या आणि वारंवार नांगरलेल्या जमिनीत फार लवकर हवेत निघून जातो. २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत या कर्बाची नोंद असते, आणि त्या पत्रिकेतला सर्वांत आधी वाचावा असा आकडा तोच आहे.

थंड व ओलसर प्रदेशांत मुख्य पीक निघाल्यावर हिवाळाभर जमीन झाकणारे पीक घेतात, कारण तेथे त्या काळातही पाऊस किंवा बर्फ पडत असतो. जालन्यात ही पद्धत जशीच्या तशी उचलणे घातक ठरेल. दसरा उलटल्यावर उरलेल्या ओलीवरच रब्बीची ज्वारी आणि हरभरा जगतात, आणि ती ओल आच्छादनाने प्यायली तर घरचे धान्यच कमी होईल. म्हणून येथे पांघरूण पावसाळ्यातच उगवले पाहिजे. रब्बी ज्वारीसाठी राखलेले रान खरिपात पड ठेवून त्याला वखराच्या पाळ्या देण्याची जुनी रीत तण मारण्यासाठी आणि ओल धरण्यासाठी होती, परंतु तिच्यात नेमक्या पावसाच्या महिन्यांत जमीन उघडी राहत असे. त्याऐवजी साठ-पासष्ट दिवसांचा मूग घेऊन शेंगा तोडल्यावर झाडोरा मातीत मिसळला, तर डाळही पदरात पडते आणि पुढच्या पिकाला चांगला बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीला दिलेला लाभ, मिळतो. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि ते हवेतील नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात; गाठ फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला, तर हे काम चालू आहे असे समजावे.

ताग याहून अधिक देतो, पण मागतोही अधिक. हेक्टरी ५० ते ६० किलो बियाणे पेरून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी तो गाडावा लागतो, आणि कुजण्यासाठी त्यानंतरही जमिनीत ओल हवी. गाडायला उशीर झाला तर खोड निबर होऊन कुजणे लांबते. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने त्यासाठी खरिपाचे पीक सोडावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याच्यासाठी कपाशीच्या रुंद ओळींतली चवळी, किंवा पिकत आल्यावर पाने गाळून जमीन झाकणारी तूर, हाच व्यवहार्य मार्ग होय. जिल्ह्यातल्याच बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे अनेक वाण दिले आहेत.

आच्छादनाला सर्वांत मोकळी जागा मिळते ती मोसंबीच्या बागेत. भौगोलिक मानांकन लाभलेल्या जालन्याच्या मोसंबीने २०१२-१३ च्या दुष्काळात फार मोठी हानी सोसली. झाडांच्या दोन ओळींत सुमारे सहा मीटर अंतर असते आणि ती पट्टी वारंवार नांगरून स्वच्छ ठेवण्यात, दुर्दैवाने, टापटीप मानली जाते. त्या मशागतीने पृष्ठभागालगतची अन्न शोषणारी बारीक मुळे मात्र तुटतात. जूनमध्ये तेथे ताग किंवा चवळी पेरून, फुले दिसताच कापून, न गाडता झाडांच्या आळ्यांवर पसरावी. बुंध्याभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडावी, कारण तेथे ओल साचली तर डिंक्या रोगाला वाव मिळतो. तागाचा कोवळा पाला लवकर कुजून जातो, म्हणून बाग उन्हाळ्यात उघडी पडू नये यासाठी त्या थरावर सोयाबीनचे भुसकट किंवा वाळलेले गवत घालावे लागते, आणि ते मार्चपूर्वीच घालणे इष्ट, कारण त्यानंतर विहिरींची पातळी उतरू लागते.