चिमटे, ठोकळे आणि मसलत

पाडवा होऊन चार-पाच दिवस झाले असतील, त्या सुमारास आमचे मोटरहोम विकले गेले. १९८६ साली बांधलेली, सत्तावीस फूट लांबीची, चालकाच्या डोक्यावर पलंगाचा फुगवटा घेऊन फिरणारी ती गाडी मी १९९६ साली जुनी म्हणूनच खरेदी केली होती; आणि पुढच्या अठ्ठावीस वर्षांत तिने माझ्याकडून मूळ किमतीच्या किती पट वसूल केले याची रोजकीर्द मी नियमाने लिहीत आलो असलो, तरी तिची बेरीज करण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. वय झाले म्हणून विकली, असे मी मुलांना सांगितले. ऐंशी वर्षांच्या बापाने ओहायोतून निघून दोन हजार मैलांवरच्या वाळवंटात असले धूड हाकीत न्यावे, ही गोष्ट त्यांना आधीपासूनच नापसंत असल्यामुळे त्यांनी ते कारण विनातक्रार मंजूर केले. वास्तविक विक्रीचा विचार माझ्या मनात शिरला तो चार बोटे उघडलेल्या एका खिडकीतून.

ॲरिझोना संस्थानात क्वार्ट्झसाइट या गावाबाहेर ला पोसा नावाचे विस्तीर्ण सरकारी माळरान आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या मुदतीत भूमिखात्याचा परवाना घेऊन (२०२३-२४ च्या हंगामात त्याची फी १८० डॉलर होती) तेथे कोणीही आपले चाकांवरचे घर उभे करावे, अशी मुभा १९८३ पासून आहे. पाणी भरण्याची आणि मैला सोडण्याची सोय ठरलेल्या जागी. विजेचे नाव नाही. उत्तरेकडे बर्फ पडू लागले की निवृत्त मंडळी हजारोंनी येथे उतरतात. गावच्या स्मशानात दगडी पिरॅमिडवर धातूचा उंट बसवलेली एक समाधी आहे, ती हाजी अली याची. अमेरिकेच्या लष्कराने उंट बाळगण्याचा प्रयोग केला तेव्हा १८५६ साली उंटांबरोबर आलेला हा इसम १९०२ मध्ये येथेच वारला. मुंबईचा हाजी अली समुद्रात, येथला वाळवंटात. पहिल्या वर्षी समाधीवरची पाटी वाचून सौ.ने नकळत हात जोडले होते.

तर गेल्या जानेवारीत आमच्या शेजारी एक नवी कोरी, एस.टी.च्या गाडीपेक्षाही लांब गाडी येऊन उभी राहिली. आत तरुण जोडपे, छतावर उपग्रहाकडे तोंड केलेली तबकडी, आणि दिवसभर काचेआड उजळलेले संगणक. रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या फर्नेसचा पंखा सुरू झाला. पण त्याचा आवाज चढेना, खालच्या सुरातच कण्हत राहिला. अंथरुणात पडल्यापडल्या मी निदान केले. या भट्टीचा क्रम असा, की थर्मोस्टॅटने हुकूम दिला म्हणजे प्रथम पंखा फिरतो, त्याच्या वाऱ्याने पत्र्याची एक चिमुकली पाकळी ढकलली जाते, आणि पंखा खरोखरच चालू असल्याची ती साक्ष मिळाल्यावरच गॅसची झडप उघडून ठिणगी पडते. बॅटरी उतरलेली असेल तर पंखा फिरतो खरा, परंतु पाकळी ढकलण्याइतका जोर त्याच्या वाऱ्यात नसतो. मग गॅस पेटत नाही, थंड हवा मात्र घरभर खेळते, आणि ती खेळवण्यात उरलीसुरली बॅटरीही संपते. अजाण मनुष्य भट्टी उकलून बसतो. दोष असतो पायरीखालच्या पेटीत.

उजाडताच मी व्होल्टमीटर घेऊन त्यांचे दार ठोठावले. काच चार बोटे सरकली. आतल्या तरुणाने माझे बोलणे पुरते ऐकून घेतले आणि अत्यंत सभ्यपणे विचारले, “आपला तासाचा दर काय?” दर काही नाही, असे मी सांगितल्यावर तो अधिकच साशंक झाला आणि काच लागली. तिसऱ्या दिवशी फिरता यंत्रज्ञ आला, त्याने बॅटरीला मीटर लावला, तो अकरा व्होल्टांच्याही खाली उतरलेला त्यांना दाखवला आणि दोनशे डॉलर घेऊन तो निघून गेला. मधल्या दोन्ही रात्री मी तो पंखा ऐकत जागा होतो.

१९९६ पूर्वीच्या माझ्या अमेरिकेतील सव्वीस वर्षांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. नोकरी केली, घराचे कर्ज फेडले, मुलांना शिकवले, शनिवारी गवत कापले. मोटारींचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना त्या वर्षी बंद झाला आणि बावन्नाव्या वर्षी हिशेब चुकता करून मला घरी पाठवण्यात आले. मिळालेल्या रकमेतून मी ही गाडी आणली, तेव्हा सौ. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गाडीतल्या ओट्यावर तिचा मिसळणाचा डबा दिसला आणि आपला अर्ज मंजूर झाला हे मी ओळखले.

पहिल्याच हिवाळ्यात फ्रिजने असहकार पुकारला. या गाड्यांतला तो जुना फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली काढलेली ही युक्ती: अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांत कोंडून खाली जाळ लावला की वर बर्फ जमतो. यंत्रशास्त्राचा पदवीधर असल्यामुळे त्याची उपपत्ती मला मुखोद्गत होती. ती एका टेक्ससकर निवृत्त विमान-यांत्रिकाला मी सविस्तर ऐकवीत असता त्या गृहस्थाने खिशातून गवंड्याची पाणसळ काढली, फ्रिजच्या तळाशी ठेवली, आणि एका कडेला जाऊन बसलेला तिच्यातला बुडबुडा मला मुकाट्याने दाखवला. या यंत्रात पंप नसल्यामुळे द्रव केवळ उताराने परततो. गाडी कलती उभी राहिली की तो वाटेत साचतो, उकळत्या नळीत क्षार धरतो, आणि एके दिवशी प्रवाह थांबतो. दोन चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवले की हा रोग मुळात होतच नाही. आमचा फ्रिज पुढच्या पायरीवर होता, म्हणून चौघांनी तो बाहेर ओढला आणि अख्खा एक दिवस डोक्यावर उभा करून ठेवला, म्हणजे साचलेला द्रव मोकळा व्हावा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बर्फ झाला. हा उपाय दर वेळी लागू पडतो असे नाही. क्षार घट्ट बसला असला तर काही उपयोग होत नाही, आणि मागच्या झडपेत पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा दर्प आला तर नळी फुटली असे समजून आशा सोडावी. परंतु त्या चौघांपैकी तिघांची नावेदेखील मला फ्रिज उलटा केल्यानंतर कळली, हे मला अजून आठवते.

गाडीचे तोंड उघडे दिसले की माणसे जमत. चहाचा पेला हातात घेऊन येणारा पहिला इसम काही न बोलता इंजिनात डोकावे. दुसरा पहिल्याला विचारी. तिसऱ्याच्या आगमनाने मसलतीला कोरम भरे. त्या मसलतीतला निम्मा सल्ला चुकीचा असे, हे मी आजच्या उमाळ्यातही नाकारणार नाही. १९९८ च्या मे महिन्यात लास व्हेगासकडे जाताना मोहावी वाळवंटातील बेकर या गावापुढच्या चढावर आमचे इंजिन गुदमरले. या गावात १३४ फूट उंचीचा उष्णतामापक उभारलेला आहे, आणि रस्ता तेथून हॅलोरन समिटपर्यंत चढतच जातो. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात अशा वेळी पेट्रोल नळीतच उकळते, वाफेचा अडसर होतो आणि पंप नुसती वाफ ओढीत राहतो. मागून आलेल्या एका ओक्लाहोमाकराने गाडी थांबवली, बायकोच्या कपडे वाळत घालण्याच्या पिशवीतून बारा लाकडी चिमटे आणले आणि इंधनाच्या नळीवर ओळीने लावून दिले. लाकूड उष्णता शोषून घेते, अशी त्याची दृढ श्रद्धा. तासाभराने गाडी सुरू झाली. तासभर उभी राहिल्याने नळी आपोआपच निवली होती, हे त्याला सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. विमान-यांत्रिकाला ही हकीकत कळली तेव्हा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला; मग त्याने टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवून दिला, नळी तापलेल्या एक्झॉस्टपासून दूर नेली, आणि तो विकार कायमचा गेला. चिमटे मी काढले नाहीत.

एका सल्लागाराचा हिशेब मात्र येथे चुकता करणे अवश्य आहे. हे गृहस्थ एका बँकेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांची प्रत्येक सूचना फर्मानाच्या थाटात सुटत असे. गाडीखाली दोन टाक्या असतात: एकीत मोरीचे पाणी, दुसरीत शौचकूपाचे. या दुसरीला येथील लोक ‘ब्लॅक’ म्हणतात. आम्ही घरात तिला काळे पाणी म्हणत असू, आणि तिची झडप उघडण्याची पाळी आली की ती जन्मठेप माझ्याच वाट्याला येई. नळजोडणी असलेल्या तळावर झडप उघडीच ठेवावी म्हणजे कटकट नाही, असे या गृहस्थांनी सांगितले व मी महिनाभर ऐकले. परिणाम असा की पाणी वाहून गेले आणि बाकीचे राहिले, वाळले, आणि त्याचा पिरॅमिड झाला. तो फोडण्यात माझे साडेतीन दिवस गेले. झडप बंद ठेवावी, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम सोडावी, नंतर मोरीचे पाणी सोडावे म्हणजे नळी धुऊन निघते, हे मला सौ.ने सांगितले. तिला ते पोह्यांच्या बदल्यात शेजारच्या कनेडियन बाईंनी शिकवले होते. व्यवस्थापकांनी शेवटपर्यंत चूक कबूल केली नाही. आमच्या पाण्याचीच जात खराब असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

गळतीचे प्रकरण २००१ च्या पावसात उद्भवले. डावीकडच्या कपाटात पाणी येऊ लागले. ज्या दुकानदाराच्या कर्मशाळेत मी गाडी दिली, तिने ती सात आठवडे अडकवून ठेवली, तगादा लावल्यावर छतावर लांबी फासली, आणि जे बिल दिले त्यात ‘तपासणी’ या सदराखाली सहा तास लावले. पुढच्या सरीला कपाट ओलेच. त्या हिवाळ्यात ला पोसावर पाच जणांनी गाडीच्या सर्व खिडक्या बंद करून छताच्या झरोक्यातून पंख्याने आत हवा कोंडली, आणि बाहेरून साबणाचे पाणी लावत बुडबुडे शोधले. पाणी शिरते एका ठिकाणी आणि लाकडी कण्यावरून वाहत जाऊन दिसते दुसऱ्याच ठिकाणी, म्हणून आतून शोधणे व्यर्थ असते. कडेच्या दिव्यापाशी, झरोक्याच्या चौकटीला, शिडीच्या दोन स्क्रूंना अशा चार जागा सापडल्या व बुजवल्या. पाचवी सापडली नाही.

विमान-यांत्रिक २००५ च्या हंगामात आला नाही. मार्चमध्ये त्याच्या पत्नीने एक खोके पाठवले. त्यात ती पाणसळ होती. सोबत चिठ्ठी नव्हती.

त्यानंतरची वर्षे मी भराभर उलटतो. सौ.चे गुडघे, नातवंडे, अंगणात ताडपत्रीखाली उभी गाडी. २००९ च्या मार्चमध्ये मोटरहोम बांधणाऱ्या दोन नामांकित कंपन्यांनी दिवाळे काढले, आणि माझ्यासारख्यांना वाटले की हा सारा व्यवहारच आटोपला. पण साथीच्या काळात लोकांना चाकांवरच्या घरांचे असे वेड लागले की २०२१ या एका वर्षात सुमारे ६ लाख नव्या गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. त्यांच्या भिंतीवर काचेची पाटी असते. दिवा, पंखा, पाणी, भट्टी यांचा जाबजबाब तिच्याकडेच. ती विझली तर घरही विझते, आणि तिच्यामागे पक्कड लावण्यासारखे काही नसते. त्यामुळे शेजाऱ्याने तरी डोकावून काय पाहावे? पुष्कळ खाजगी तळांनी दहा वर्षांहून जुन्या गाडीला मज्जाव केला आहे. मागच्या वाटेत एका ठिकाणी तर बाईंनी प्रथम गाडीचे छायाचित्र मागितले आणि नंतर, मनापासून दिलगिरी व्यक्त करून, आम्हांला साठ मैल पुढे धाडले.

खरेदीला आली ती पंचविशीतली, सुतारकाम करणारी एक मुलगी. नळीवरचे चिमटे पाहून तिने त्यांचे प्रयोजन विचारले. मी सांगितले, तिने ते हाताने चाचपून जागच्या जागी राहू दिले. माझी रोजकीर्दीची वही तिला हवी होती, परंतु ती सगळी मराठीत. डाव्या कपाटाचा दोष मी न लपवता सांगितला. “पाणी कोठून येते?” “ठाऊक नाही.” “मग काय करता?” मी तिला लाल प्लॅस्टिकची बादली दाखवली. ती काही न बोलता शिडी लावून छतावर चढली, आणि वरून ठोके मारीत मला आत उभे राहून ऐकायला सांगू लागली. कोठे आवाज भरीव, कोठे पोकळ, हे मी खालून ओरडून सांगत होतो. अंधार पडेपर्यंत हे चालले. सौ.ने दोनदा चहा दिला, दुसऱ्यांदा शिडीवर चढून. पाचवी जागा सापडली नाही. गळतीपोटी तिने किमतीतून चारशे डॉलर कापले. ठोकळे, चिमटे आणि बादली यांचे वेगळे पैसे मी लावले नाहीत.