मंडळ मुलांचे, पावतीपुस्तकही मुलांचेच



मागील अंकातील जमाखर्चात ‘विद्यार्थी मंडळ : छपाई व प्रवास’ अशी एक लहानशी नोंद होती. ती वाचून काही वाचकांनी विचारले की, फी, जेवण, पुस्तके समजली. पण कॉलेजातल्या मंडळाला आपण मदत का करावी? आणि मंडळ नोंदवायचे म्हणजे नक्की काय करायचे? बारावीनंतरच्या मुलांचे काम माझ्याकडे असल्यामुळे उत्तर मीच लिहावे असे ठरले.

अक्कलकुवा, धडगाव, सुरगाणा, मोखाडा या भागांतली मुले पुण्यासारख्या शहरात शिकायला जातात, तेव्हा त्यांना पहिली ठेच अभ्यासात लागत नाही, ती कागदात लागते. जात वैधता प्रमाणपत्र, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारशी जोडलेले बँक खाते, उत्पन्नाचा दाखला, शासकीय वसतिगृहाची यादी. यादीत नाव नाही आले तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेचा वेगळा अर्ज. एक तारीख चुकली की वर्ष हातचे जाते. घरी विचारावे तर आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात. अशा वेळी उपयोगी पडतो तो आदल्या वर्षी त्याच रांगेत उभा राहिलेला दादा किंवा ताई. आदिवासी विद्यार्थी मंडळाचे खरे काम हेच आहे. ९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन आणि १५ नोव्हेंबरची बिरसा मुंडा जयंती हे कार्यक्रम लोकांना दिसतात. रविवारी दुपारी एका लॅपटॉपभोवती बसून भरलेले वीस अर्ज कोणाला दिसत नाहीत.

आमच्या मुलांचे पहिले मंडळ असेच आपोआप सुरू झाले. ना नियमावली, ना मान्यता. वर्गणीचे पैसे एका मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होत. तो सरळ आणि मनमिळाऊ होता, म्हणून सगळ्यांनी ते काम त्याच्यावर सोपवले. स्थानिक देणगीतून मीही त्याच खात्यावर पैसे पाठवले आणि पावती मागितली नाही. वर्षाअखेर हिशेब जुळेना. कुजबुज सुरू झाली. त्याने खुलासा केला नाही, बैठकीला येणे बंद केले आणि पुढच्या सत्राला तो कॉलेजातही आला नाही. सुटीत एका मुलीने मला खरी गोष्ट सांगितली. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तिघांकडे फी नव्हती. त्याने मंडळाच्या पैशांतून ती भरली आणि कमी पडले तेव्हा स्वतःचे ८०० रुपये घातले. त्या तिघांना संकोच वाटू नये म्हणून तो कोणाला काही बोलला नाही.

त्याच्या हातात पावतीपुस्तक आणि शेजारी दुसरी सही करणारा कोणी असता, तर तो मुलगा आज पदवीधर असता. पावती मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे असे मला तेव्हा वाटले. चूक माझी होती.

मंडळ नव्याने उभे करायचे ठरले तेव्हा आम्ही नियम समजून घेतले. दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे महाविद्यालयाची किंवा विद्यापीठाची मान्यता. महाविद्यालयात प्राचार्यांकडे, विद्यापीठात विद्यार्थी विकासाचे काम पाहणाऱ्या विभागाकडे अर्ज करायचा. सोबत मंडळाचे उद्देश, नियमावली, पदाधिकाऱ्यांची नावे, सभासदांची वर्गवार यादी आणि मार्गदर्शक होण्यास तयार असलेल्या एका प्राध्यापकांचे संमतीपत्र जोडायचे. तपशील ठिकाणपरत्वे बदलतो आणि बऱ्याच ठिकाणी दरवर्षी नवी यादी द्यावी लागते. मान्यता मिळाली की सभेसाठी खोली मिळते, सूचनाफलकावर सूचना लावता येते, मंडळाच्या नावाने कार्यालयाशी पत्रव्यवहार करता येतो. मात्र अशा मंडळाला कॉलेजच्या बाहेर स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते.

दुसरी वाट संस्था म्हणून नोंदणीची. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात जण एकत्र येऊन संस्था स्थापन करू शकतात. महाराष्ट्रात हे काम धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतील कार्यालयात होते आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही संस्था नोंदवावी लागते. नोंदणी झाली की संस्थेला स्वतःचे नाव, स्वतःचे पॅन आणि स्वतःचे खाते मिळते. पण त्याबरोबर जबाबदारीही येते. दरवर्षी हिशेबतपासणी करायची आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे लोक ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करायचा. आपल्या मंडळीच्या ट्रस्टचे काम पाहणाऱ्यांना हे फेरे चांगले ठाऊक आहेत.

मी दुसऱ्या वाटेच्या बाजूने होतो. खरे सांगायचे तर त्यात माझी सोय होती. नोंदणी असली की मला मदत पाठवणे सोपे जाईल असे वाटले. मोठ्या मुलांनाही प्रमाणपत्राचे आकर्षण होते. “सर, नंबर मिळाला की आपल्याला कोणी हलवू शकणार नाही,” असे एक जण म्हणाला. तेव्हा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक कोकणा मुलगी उठून म्हणाली, “तिसऱ्या वर्षानंतर आपण सगळे जाणार. मग चेंज रिपोर्ट कोण भरणार? नंतरच्या मुलांना आपण मंडळ देणार की कोर्टाचे कागद?”

कोणाकडेच उत्तर नव्हते. मुलांनी मतदान घेऊन पहिली वाट निवडली. आज मला वाटते, त्यांचा निर्णय बरोबर होता. ज्या मंडळाचे सभासद तीन वर्षांत बदलतात आणि वर्षाचा खर्च काही हजारांत असतो, त्याला कॉलेजची मान्यता पुरते. स्वतःची जागा घ्यायची, नोकर नेमायचे किंवा मोठ्या देणग्या घ्यायच्या असतील, आणि कायम राहणारे माजी विद्यार्थी सोबत असतील, तर संस्था नोंदवावी.

नियमावली मुलांनी दोन पानांत बसवली. सभासदत्व सर्व आदिवासी विद्यार्थ्यांना खुले आहे. जमात, धर्म किंवा वसतिगृह यांची अट नाही. काही वाचक विचारतात, सभेत प्रार्थना होते का? नाही. तिथे भिल्ल, पावरा, वारली, महादेव कोळी अशी सर्व घरांतली मुले असतात आणि कोणाच्याही घरचा देव न विचारता अर्ज भरून दिला जातो. आपल्या मुलांनीही तिथे तसेच सेवेला उभे राहावे, असे मला वाटते.

निवडणुकीसाठी त्यांनी विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशींतून दोन गोष्टी घेतल्या. या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू करायला सांगितल्या. पदाधिकाऱ्याची हजेरी ७५ टक्के हवी आणि त्याचा विषय राहिलेला नसावा. मंडळ चालवता चालवता शिक्षण बुडू नये, हा त्यामागचा हेतू. पैशांचे नियम त्यांचे स्वतःचे आहेत. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात रक्कम ठेवायची नाही. ती कॉलेजच्या कार्यालयामार्फत जमा होईल. प्रत्येक रुपयाची पावती, प्रत्येक खर्चाला दोन सह्या. अडचणीतल्या मुलाला मदत दिली तर हिशेबात नाव न लिहिता क्रमांक लिहायचा आणि नाव फक्त मार्गदर्शक प्राध्यापकांच्या वहीत ठेवायचे. आणि फेब्रुवारीतच पुढची कार्यकारिणी निवडून जुन्यांनी नव्यांच्या शेजारी बसून दोन महिने काम करायचे. दफ्तर, शिक्का आणि अर्जांच्या तारखांची वही यादी करून, सही घेऊन सोपवायची.

पहिल्या सभेचे इतिवृत्त माझ्यासमोर आहे. पहिला ठराव त्या मुलाचे ८०० रुपये परत करण्याचा. दोघे जण एसटीने त्याच्या गावी गेले. त्याने पैसे घेतले, व्हाउचरवर सही केली आणि त्यांना जेवायला थांबवून घेतले. कॉलेजात मात्र तो परत आला नाही.

आता मदतीविषयी. परदेशातून आलेली देणगी आम्ही या मंडळाला देऊ शकत नाही. विदेशी अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मंडळाच्या पावतीवर आयकरात सूटही मिळत नाही. म्हणून त्यांच्यासाठीचा लहानसा खर्च आम्ही स्थानिक देणगीतूनच करतो आणि त्याची पावती घेतो. त्या बदल्यात मंडळाने काय करावे हे आम्ही सांगत नाही. बैठकीला बोलावले तरच जातो आणि मागे बसतो.

पैशांपेक्षा त्यांना दुसऱ्या गोष्टीची गरज अधिक आहे. तुमच्या मंडळीत कोणी हिशेबनीस, बँकेतून निवृत्त झालेले किंवा कचेरीत काम केलेले असतील, तर त्यांनी जूनमध्ये एक शनिवार द्यावा. रोजकीर्द कशी लिहायची, ठराव कसा मांडायचा, अर्जाची पोच का घ्यायची, एवढे मुलांना शिकवले तरी पुष्कळ आहे. नावे आपल्या पाळकसाहेबांमार्फत आमच्या कार्यालयात कळवावीत.

या मुलांचे आपल्या प्रार्थनेत स्मरण असू द्या. आणि गावाकडे असलेल्या त्या मुलाचेही. मुक्त विद्यापीठाचा अर्ज घेऊन मी पुढच्या महिन्यात त्याच्याकडे जाणार आहे.